विहीर आटलेल्या गावात पाहुणा म्हणून जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीचं एक निवृत्त शिक्षक दांपत्य येत्या ऑक्टोबरात, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये, झिंबाब्वे आणि बोट्स्वानाच्या नऊ दिवसांच्या सफारीला निघालं आहे. व्हिक्टोरिया धबधबा, मग ह्वांगे आणि चोबे ही राष्ट्रीय उद्यानं असा बेत आहे, पैसे भरून झाले आहेत. आता तिकडच्या दुष्काळाच्या बातम्या येताहेत आणि त्यांची मुलगी म्हणते, ‘जिथे माणसांना खायला नाही, हत्ती मरतायत, तिथे तुम्ही जीपमधून फोटो काढत फिरणार? मला नाही पटत.’ दोघांनी विचारलंय, सहल रद्द करावी का?

सर, बाई, मी गुहागर तालुक्यात समुद्राकाठच्या एका वाडीत राहतो. आगरात चार खोल्यांचं घरगुती निवास चालवतो आणि गेली अठरा वर्षं वर्षातून एकदा, कधी दोनदा, दहा-बारा माणसांचा गट घेऊन आफ्रिकेत जातो. त्यामुळे कोरड्या मुलखात पाहुणा म्हणून गेलोय आणि पाणी आटलेल्या गावात यजमान म्हणूनही बसलोय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आफ्रिकेपेक्षा माझ्या घरच्या विहिरीवर जास्त सापडलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे तुम्हा रत्नागिरीकरांना सांगायला नको. जांभ्या दगडात ते पाणी जितक्या लवकर मुरतं तितक्याच लवकर खालून निघून समुद्राला मिळतं. दिवाळीनंतर पऱ्ये, म्हणजे ओढे, आटायला लागतात, मग आम्ही पोती भरून कच्चे बंधारे घालतो, त्यावर शिमग्यापर्यंत निभतं आणि एप्रिल सरता सरता विहिरी तळ दाखवतात. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळ पठारावरच्या, वाड्यांना टँकर सुरू होतो. नेमका तेव्हाच आंबा तयार होतो, शाळांना सुट्टी लागते आणि गाड्या भरभरून पाहुणे येतात. माझी वर्षाची निम्मी कमाई त्या पाच-सहा आठवड्यांची.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात चारही खोल्या भरल्या होत्या. समुद्रात डुंबून आलेली मुलं एकेक तास शॉवरखाली उभी राहायची. दिवसातून दोनदा पंप लावूनही टाकी रिकामी. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या घरच्या काकी कळशी घेऊन आमच्या खळ्यात आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘पावनं येतंत तं येव देत रं, पन आमच्या इहिरीचा झरा तुज्याच इहिरीकडना येतो, ता इसरू नको.’ मी उपसलेलं पाणी त्यांच्या विहिरीत पोचायचं थांबलं होतं, आणि ते मला त्यांनी येऊन सांगेपर्यंत कळलं नव्हतं. पाहुण्यांना तर ते कळायचा काही मार्गच नव्हता. त्यांनी नळ सोडला, पाणी आलं.

त्या वर्षापासून विहिरीच्या बांधकामावर मी दोन खुणा केल्यात. पाणी पहिल्या खुणेखाली गेलं की दोन खोल्या बंद, दुसरीखाली गेलं की चारही. राहतील त्यांना अंघोळीला बादली, आणि हे फोनवर खोली ठरवतानाच सांगतो. काही जण नाराज होऊन दुसरीकडे जातात. पण राहिलेल्यांपैकी कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. उलट मुलं रोज विहिरीत डोकावून खूण बघतात.

आता याची दुसरी बाजू. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणची बाजारपेठ बुडाली. आमचं गाव समुद्राकडेला, आमच्या वाडीचं फारसं काही बिघडलं नव्हतं. पण दिवाळीसाठी खोल्या ठरवलेल्या लोकांचे फोन यायला लागले, ‘तुमच्याकडे एवढं झालंय, अशात मजा करायला कसं यायचं? बरं नाही वाटत.’ बोलणारी माणसं मनाने चांगली होती, त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. पण त्या दिवाळीत माझ्याकडे भाकऱ्या करायला येणाऱ्या बाईंना काम मिळालं नाही, मासळीवाल्या मावशींची टोपली अर्धी परत गेली, होडीवाल्याने होडी पाण्यात उतरवलीच नाही. दुसरीकडे पूर ओसरल्या ओसरल्या चिखल बघायला आलेलेही होते. दुकानदार गाळ उपसत होता आणि समोर उभं राहून माणसं मोबाइलवर चित्रण करत होती. त्या सगळ्यांत एक कुटुंब वेगळं निघालं. ठरल्याप्रमाणे आलं, नेहमीसारखं राहिलं, आणि दिवाळीची सगळी खरेदी मुद्दाम चिपळूणच्या नुकत्या उघडलेल्या दुकानांतून करून आलं. घरचा मंडप उडालेला असला तरी लग्नाला येणारा पाहुणा यावाच लागतो, फक्त त्याने मानपान मागू नये, असं माझी आई म्हणायची. तुम्ही जाणार असाल तर त्या कुटुंबासारखे जा.

आता तिकडचं. बातम्यांत दोन गोष्टींची सरमिसळ होते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात ऑक्टोबर दरवर्षीच कोरडा असतो. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्यामुळे ऑक्टोबर म्हणजे आपला मे, सगळ्यात तापलेला आणि करपलेला. झाडांना पान नसतं, गवत बसलेलं असतं, जनावरं उरलेल्या पाण्यावर गोळा होतात, म्हणून तर सफारीवाले हा महिना ‘सर्वोत्तम दर्शनाचा’ म्हणून विकतात. धूळ उडताना दिसली म्हणजे दुष्काळ असं नव्हे. व्हिक्टोरिया धबधब्याचंही तेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा उघडा पडतो, मुख्य धारा झिंबाब्वेच्या बाजूने चालू राहते. दर वर्षी त्या उघड्या कड्याचे फोटो ‘धबधबा आटला’ म्हणून फिरतात. ते बघून घाबरू नका आणि तिथे गेल्यावर हिरमुसूही नका.

पण या वर्षीचा, २०२४ चा, दुष्काळ खरा आहे आणि मोठा आहे. एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून हवामान बिघडतं त्यामुळे, तिकडच्या गेल्या पावसाळ्यात पावसाने ओढ दिली, फेब्रुवारी जवळपास कोरडा गेला, आणि तोच महिना मक्याच्या कणसात दाणा भरायचा. झांबियाने २९ फेब्रुवारीला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, पाठोपाठ मार्चमध्ये मलावीने, ३ एप्रिलला झिंबाब्वेने, मे महिन्यात नामिबियाने. दक्षिणेतल्या देशांच्या संघटनेने मदतीची गरज असलेल्यांचा आकडा ६ कोटी ८० लाखांपर्यंत सांगितला आहे. तिथलं रोजचं जेवण म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, झिंबाब्वेत तिला साड्झा म्हणतात. आपल्याकडे भात नसेल तर जे होईल, ते तिथे मका गेल्यावर होतं. आणि पुढचं पीक यायला एप्रिल २०२५ उजाडेल. म्हणजे तुम्ही ऑक्टोबरात पोचाल तेव्हा घरातल्या कणग्या रिकाम्या झालेल्या असतील, आणि वाईट महिने अजून पुढेच असतील. मुलीचं म्हणणं पोकळ नाही, हे आधी मान्य करा.

झांबेझी नदीवरच्या, झांबिया आणि झिंबाब्वे दोघांनाही वीज देणाऱ्या करिबा धरणात पाणी खाली गेल्यामुळे वीजही तुटली आहे. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावरच होते, तिथे दिवसाचे कितीतरी तास अंधार असतो. लॉजवर जनरेटर असेल, दिवे लागतील, पण जेवण वाढणाऱ्या मुलाच्या घरी ते नसतील. हे डोक्यात असू द्या म्हणजे पंखा बंद पडल्यावर आवाज चढणार नाही.

हत्तींबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो.

ह्वांगे हे उद्यान साधारण १४,६०० चौरस किलोमीटरचं, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावणेदोनपट. एका बाजूला कलहारीची वाळू. उद्यानाच्या बहुतेक भागात बारमाही नदी नाही. १९२८ साली ते राखीव झालं, आणि टेड डेव्हिसन या पहिल्या अधिकाऱ्याच्या काळापासून तिथे बोअर मारून पाणवठे भरायला सुरुवात झाली. आधी पवनचक्क्या, मग डिझेलचे पंप, आता बऱ्याच ठिकाणी सौरपंप. तुम्ही ज्या तळ्याकाठी बसून दोनशे हत्ती बघाल, ते तळं बहुधा कुणीतरी रोज पंपाने भरत असतं. पंप बिघडला, डिझेल संपलं, की दोन दिवसांत चिखल. मोठा हत्ती दिवसाला शंभर ते दोनशे लिटर पाणी पितो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

मग आणखी बोअर का मारत नाहीत, असं दर गटात कुणीतरी विचारतंच. मीही पूर्वी हेच विचारायचो. पण पाणी दिलं की हत्ती तिथेच राहतात, आजूबाजूची झाडं ओरबाडून संपवतात, आणि मग पाणी एकीकडे, चारा वीस-पंचवीस किलोमीटरवर अशी गत होते. आई पिल्लाला घेऊन त्या दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत राहते. म्हणून दुष्काळात पाण्याच्या कडेलाच मेलेले हत्ती दिसतात. पाणी प्यायलेले असतात, पोट रिकामं असतं. आधी पिल्लं जातात, मग म्हातारे, मग दूध पाजणाऱ्या माद्या. २०१९ मध्ये झिंबाब्वेत दोनशेहून अधिक हत्ती गेले, २०२३ च्या अखेरीस एकट्या ह्वांगेत शंभराहून अधिक. दोन्ही वेळा पाऊस उशिरा आला होता. आपल्या सड्यावर दरवर्षी आणखी खोल बोअर मारून वाडीवाडीत जे झालं, त्याच्याशी ताडून बघा. पाणी वर काढण्याला हद्द असते, ती जनावरालाही चुकत नाही.

आता पैशाचं. ते पंप, गस्त, चोरट्या शिकारीसाठी लावलेले फासे काढणारी माणसं, हे चालतं उद्यानाच्या प्रवेशशुल्कावर, देणग्यांवर, आणि काही ठिकाणी लॉज स्वतःच आपल्या भागातले पाणवठे चालवतात. २०२० मध्ये पर्यटक शून्यावर आले तेव्हा मी ओळखीच्या गाईडला फोन केला होता. त्याच्या पगारावर घरची नऊ माणसं. तो गावी जाऊन मका लावत होता आणि म्हणाला, गावात फासे वाढलेत, कारण लोकांना दुसरं काही मिळत नाही. दुष्काळात शेत जातं, गुरं मरतात, तेव्हा अशा घरात नोकरीचा पगार हाच उरतो. तुम्ही रद्द केलंत तर तुमच्या भरलेल्या रकमेतला मोठा भाग मुंबईतल्या कंपनीकडेच अडकेल, तिकडे फक्त एक खोली रिकामी राहील. तुमचं मन शांत होईल, पण हत्तीला किंवा त्या नऊ माणसांना काही मिळणार नाही. चिपळूणच्या पुरानंतरच्या दिवाळीत मी दुसऱ्या बाजूला उभा होतो, म्हणून हे इतकं ठामपणे सांगतोय.

पण ‘पर्यटनाने स्थानिकांचं भलं होतं’ हे वाक्य मी आंधळेपणाने म्हणणार नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात मी गट घेऊन ह्वांगेच्या हद्दीबाहेरच्या एका लॉजवर उतरलो होतो. नाव घेत नाही. पहाटे उठलो तर हिरवळीवर फवारे चालू. दुपारी हत्ती पोहण्याच्या तलावातलं पाणी प्यायला आले, सगळे हरखून गेले, मीही. दुसऱ्या दिवशी उद्यानाकडे जाताना तीन-चार किलोमीटरवर एका हातपंपाशी बायकांची रांग होती, बादल्या, डबे, एक लहान मुलगी ढकलगाडी घेऊन. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हाही रांग होतीच. व्यवस्थापकाला विचारलं, तुमचं पाणी कुठून येतं? म्हणाला, आमची स्वतःची बोअर आहे. मी विचारलं, आणि त्या हातपंपाचं? त्याला प्रश्नच कळला नाही. मला मात्र माझ्या खळ्यात कळशी घेऊन उभ्या असलेल्या काकी दिसल्या. त्या लॉजवर मी पुन्हा गट नेला नाही. त्या दिवशी ही चौकशी निघण्याआधी केली नव्हती, ती चूक माझी.

म्हणून माझं उत्तर असं. जा, पण आधी तुमच्या तिन्ही मुक्कामांना पत्र लिहा, या आठवड्यातच. सहल कंपनीमार्फत नको, थेट लॉजला. पाणी कुठून येतं आणि त्याच भूजलावर कुठलं गाव आहे का, हे पहिलं विचारा. हिरवळीला आणि तलावाला सध्या पाणी देता का, कपडे-चादरी किती दिवसांनी धुता, हेही विचारा. मग विचारा की शेजारच्या गावाला तुमच्याकडून काय जातं, आणि ते कशा रूपात. ‘आम्ही समाजासाठी खूप काही करतो’ असं गोड उत्तर आलं तर पुन्हा विचारा. दर पाहुण्यामागे ठराविक रक्कम गावाच्या समितीला, अमुक हातपंपांची दुरुस्ती, अमुक शाळेत दुपारचं जेवण, असं काहीतरी मोजता येण्यासारखं हवं. काम करणारी माणसं आसपासच्या गावातली किती, हेही. चांगल्या लॉजला असे प्रश्न आवडतात, दोन दिवसांत पानभर उत्तर येतं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं नसतं तो माहितीपत्रक पाठवतो.

चोबेची मला फार काळजी वाटत नाही. ती नदी बारमाही आहे, काठचे लॉज तिच्यावर चालतात आणि बोटीतून हत्ती बघताना तुम्ही कुणाच्या पाण्याच्या वाटेत येत नाही. ह्वांगेचं उत्तर समाधानकारक आलं नाही तर तिथल्या दोन रात्री कमी करून चोबेत वाढवा, कंपन्या एवढा बदल थोड्या फरकाने करून देतात.

कधी जाऊ नका म्हणेन? लॉजचं पाणी गावाच्या तोंडचं आहे हे स्पष्ट दिसत असेल आणि मुक्काम बदलता येत नसेल तेव्हा. तिथल्या प्रशासनाने येऊ नका म्हटलं असेल तेव्हा. आणि दुष्काळामुळे दर पडलेत म्हणून कुणी स्वस्तात जायला निघालं असेल, तर त्यालाही. केपटाउनने २०१८ मध्ये चांगला धडा घालून दिला. शहराचे नळ बंद पडायची वेळ आली होती, १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. तरी त्यांनी पर्यटकांना हाकललं नाही, या पण आमच्यासारखे राहा, असं सांगितलं. हॉटेलांनी बाथटबची बुचं काढून ठेवली. ५० लिटर म्हणजे आपल्या तीनेक बादल्या. कोकणात मे महिना काढलेल्या माणसाला ते जड नाही, आपण मुलांना तेच शिकवत वाढवलं.

गेल्यावर कसं वागायचं, यात मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पाणवठ्याबद्दल. दुष्काळात कळप लांबून चालत येतो, पुढे म्हातारी मादी असते. ती पाण्याआधी वास घेते, थांबते, बघते. तेव्हा चार जीपा वाटेत आडव्या उभ्या असतील तर ती कळप वळवून परत नेऊ शकते. एरवी ते थोडं मागे जाऊन पुन्हा येतील, पण पिल्लू आधीच पाय ओढत असेल तर तेवढा फेराही महागात पडतो. गाईडला हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, तरीही तो जीप पुढे घालतो, कारण जवळून फोटो मिळाला की बक्षिसी वाढते हे त्याला आपणच शिकवलेलं असतं. पहिल्याच सकाळी, गाडीत बसण्याआधी त्याला सांगा, ‘बक्षिसी ठरलेली आहे, जवळ गेलो नाही तरी तेवढीच.’ अठरा वर्षांत मला सापडलेला सगळ्यात उपयोगी उपाय हाच. त्यानंतर गाईडचा चेहराच बदलतो. तो लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला गाडी लावतो, इंजिन बंद करतो, आणि मग तासभर तुम्हाला असं काही दाखवतो जे घाईत कधीच दिसत नाही.

सिंहांना दुष्काळ मानवतो, हेही सांगून ठेवतो. अशक्त जनावर पळू शकत नाही. तुम्हाला शिकार दिसण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त आहे. एकदा माझ्या गटातल्या काहींनी उठायलाही जमत नसलेल्या एका रेड्यावर सिंहिणी तुटून पडल्या तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. जंगलात हे होणारच आणि ते बघू नये असं मी म्हणत नाही, पण टाळ्यांनंतर आमचा गाईड खाली मान घालून बसला होता. त्याच्या वडिलांची गुरं त्याच उन्हाळ्यात गेली होती. मरत असलेल्या जनावराचं चित्रण करू नका असा नियम मी तेव्हापासून माझ्या गटात ठेवलाय. बघा, गप्प बसा, हवं तर डोळे मिटा.

वाटेत मुलं दिसतील, हात हलवतील. जीपमधून चॉकलेट, बिस्किटं, पेनं टाकू नका. तुम्ही दोघं शाळेत आयुष्य घालवलंय, शाळेत शिजतं म्हणून पोर शाळेत येतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तिकडेही तसंच आहे, दुष्काळात घरी मका नसला की मुलांची शाळा सुटते. ज्या शाळेत जेवण चालतं तिथे लॉजमार्फत किंवा मुख्याध्यापकांच्या हाती, पावती घेऊन, द्यायचं ते द्या. मोडलेल्या हातपंपाचे सुटे भाग हीसुद्धा फार मोलाची गोष्ट असते. कपड्यांचं गाठोडं नेऊ नका. चिपळूणला पुरानंतर आलेले जुन्या कपड्यांचे ढीग कित्येक दिवस रस्त्याकडेला भिजत पडले होते.

हत्ती मारण्याच्या बातमीने मुलगी जास्त अस्वस्थ झाली असावी. नामिबियाने ऑगस्टमध्ये ८३ हत्तींसह ७२३ जनावरं मारून मांस लोकांना वाटायचं ठरवलं, मग झिंबाब्वेनेही दोनशे हत्तींचं तसंच जाहीर केलं. मला ते वाचून त्रास झाला, अजून होतो. काही शास्त्रज्ञांनीही त्याला विरोध केलाय, एवढ्या हत्तींनी भूक भागणार नाही आणि पायंडा वाईट पडेल असं त्यांचं म्हणणं, ते मला पटतं. पण इथे बसून त्या लोकांना क्रूर म्हणायला माझी जीभ वळत नाही. आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले. तेव्हापासून केळी, माड, पोफळी एका रात्रीत आडव्या झालेल्या शेतकऱ्याशी बोलून बघा. तिथे दहा हत्तीही जड होतात. बोट्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार आहेत, आणि बोट्स्वाना, झिंबाब्वे, झांबिया, नामिबिया, अंगोला या पाच देशांच्या सामाईक संवर्धन क्षेत्रात २०२२ च्या गणनेप्रमाणे २ लाख २८ हजारांच्या आसपास. उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हत्तीमुळे काही मिळतं की फक्त नुकसानच होतं, यावर हत्तीचं पुढचं भवितव्य ठरणार. तुमच्या राहण्याचे पैसे त्याच्यापर्यंत पोचतात का, हा प्रश्न म्हणूनच पत्रात घालायला सांगितला.

विमानाच्या धुराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, मुलगी विचारेल. या दुष्काळाचा अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने मुख्य कारण एल निनो असल्याचं म्हटलंय. तरीही लांबचा विमानप्रवास हलका नसतोच. माझ्या गटातल्यांना मी इतकंच सांगतो की तीनदा चार-चार दिवस जाण्यापेक्षा एकदाच जा, पुरेसे दिवस राहा.

लॉजची उत्तरं आली की ती आधी मुलीला वाचायला द्या, मग मला पाठवा. तिची शंका तुमच्यापेक्षा कडक आहे, तिला जे उत्तर खोटं वाटेल ते बहुधा तसंच असेल. परत याल तेव्हा दिवाळी आलेली असेल. भाऊबीज झाली की आम्ही घरामागच्या पऱ्यावर बंधारा घालतो, पोती भरायला माणसं कमी पडतात. तिघंही या. जेवण आमच्याकडे, अंघोळीला बादली.